हिशोबाचं बोला : पाणी, वीज आणि कचऱ्यात अडकलेले पैसे

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात मी लिहिलं होतं की "पाणी वाचवा, वीज वाचवा" असा बोर्ड लावून कोणी हलत नाही, पण महिन्याला किती रुपये गटारात चाललेत ते दाखवलं की माणसं कॅल्क्युलेटर काढतात, आणि म्हटलं होतं की तुमचे आकडे घेऊन प्रश्न पाठवा. बरीच पत्रं आली, त्यातली आपल्या नाशिकची पाच इथे घेतोय. मी पाणीउपशाच्या कामात खूप वर्षं काढली आणि आता सोसायट्या आणि कारखान्यांची वीज तपासून देतो, त्यामुळे उत्तरं त्याच अंगाने येतील.

प्रश्न : आमची गंगापूर रोडला ४८ फ्लॅटची सोसायटी आहे, मी सेक्रेटरी आहे. कॉमन लाईट बिल महिन्याला साधारण २२ हजार येतं. नवीन पंप, त्याचं पॅनेल आणि पार्किंगच्या एलईडी मिळून दीड लाखाचं कोटेशन आलंय. एजीएममध्ये (वार्षिक सभेत) सगळे म्हणाले, चालू मोटर कशाला बदलायची, मेंटेनन्स वाढेल. त्यांना कसं पटवू? आणि सोलर घ्यावं का?

ताई, आधी ते दीड लाखाचं कोटेशन बाजूला ठेवा. तीन वेगळी कामं एकाच कागदावर एका आकड्यात बांधली की मेंबर नुसता आकडा बघतात आणि नको म्हणतात, त्यांचं चुकत नाही. कामं सुटी करा.

पहिल्यांदा ट्यूबलाईट. तुम्ही लिहिलंय की जिन्यात आणि पार्किंगमध्ये जुन्या चोकवाल्या ४० ट्यूब आहेत आणि रात्रभर चालतात. चोक धरून एक ट्यूब ५० वॅट खाते, एलईडी ट्यूब २० वॅटमध्ये तेवढाच उजेड देते, म्हणजे ट्यूबमागे ३० वॅट वाचले. ४० ट्यूब, १२ तास, रोजचे १४.४ युनिट झाले. सगळे आकार धरून युनिटला १० रुपये पकडू (तुमचं बिल भागिले युनिट करून खरा आकडा घ्या), तर रोजचे १४४ आणि वर्षाचे ५२ हजार रुपये. ४० एलईडी ट्यूब साधारण १० हजारात येतात. अडीच महिन्यात वसूल! याला एजीएमची परवानगी कशाला, कमिटी मिटिंगमध्येच करून टाका.

खरेदी करताना शेजारच्या चार सोसायट्यांना बरोबर घ्या. घाऊक मागणीत काय ताकद असते ते केंद्राच्या उजाला योजनेतल्या एलईडी बल्बमध्ये देशाने पाहिलंय, सरकारी खरेदीत २०१४ ला जो बल्ब ३१० रुपयांना पडत होता तो २०१६ ला ३८ रुपयांवर आला.

आता पंप. "चालू मोटर" म्हणजे काय, तर बटण दाबलं की पाणी वर जातं. पण किती विजेत जातं ते कोणी मोजलंय का? एका दुपारी लिफ्ट आणि बाकी सगळं पंधरा-वीस मिनिटं बंद ठेवा, मीटरचं रीडिंग घ्या, मोटर चालवा, गच्चीवरच्या टाकीत खडूने खूण करून किती लिटर चढलं ते काढा आणि परत रीडिंग घ्या. १० हजार लिटर पाणी ३० मीटर वर चढवायला निसर्गनियमानेच कमीत कमी ०.८२ युनिट लागतं, यापेक्षा कमीत कोणालाच जमणार नाही. बरा पंप दीड-पावणेदोन युनिट घेतो. तुमच्याकडे तीनच्या वर गेलं तर इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) झिजलाय किंवा पंप चुकीच्या उंचीसाठी घेतलेला आहे. समजा सव्वातीन निघालं आणि रोज ४० हजार लिटर चढवत असाल तर फरक साडेसहा युनिटचा, वर्षाला २३-२४ हजार. फिटिंग धरून पंप ४० हजाराचा असेल तर वीस महिन्यात वसूल. म्हणजे ट्यूबलाईटइतकं झटपट नाही पण एफडीपेक्षा खूप बरं, आणि ते पैसे पहिल्या वर्षीच्या ट्यूबलाईटच्या बचतीतूनच निघतात, मेंटेनन्स एक रुपया वाढवायला नको.

आणि एक काम आजच करा, पहाटे गच्चीवर जा. मी एका बिल्डिंगला गेलो होतो, बिल इतकं का येतं ते कागदावर कळेना, म्हणून साडेपाचला वर चढलो. ओव्हरफ्लोच्या पाईपखाली भिंतीवर हाताएवढा रुंद हिरवागार शेवाळाचा पट्टा, थेट खालच्या पन्हाळीपर्यंत उतरलेला. भर मे महिन्यात शेवाळ ओलं! म्हणजे तिथे रोज पाणी वाहतंय. वॉचमन पाचला मोटर सुरू करायचा, मग गेटवर दूधवाला, पेपरवाला, गाड्या पुसणं, आणि टाकी भरून वीस मिनिटं पाणी नुसतं वाहत राहायचं. मिनिटाला २०० लिटर धरा, रोज ४ हजार लिटर. त्याच सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येत होता. टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा अडीच-तीन हजाराचा लेव्हल कंट्रोलर बसवला आणि विषय संपला. वॉचमनवर कोणी चिडू नका, एकाच माणसाला सहा कामं दिली की असंच होणार.

सोलरचंही तुम्ही विचारलंय. सोलर घ्याच, पण हे सगळं झाल्यावर. आत्ता तुमचा कॉमन वापर रोजचा ७३ युनिट आहे, एक किलोवॅटला रोज ४ युनिट धरले तर १८ किलोवॅट लागेल. ट्यूब आणि पंप झाले की वापर ५२ वर येतो, मग १३ किलोवॅट पुरतं. पाच किलोवॅट कमी म्हणजे अडीच लाखाच्या आसपास सरळ वाचले. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार सबसिडी आहे, ती धरूनही दीड लाखाच्या वर वाचतातच. बरेच जण उलट करतात, आधी मोठं सोलर आणि खाली तीच जुनी ट्यूब.

एजीएममध्ये फक्त एक वाक्य बोला, "ट्यूबलाईटच्या एका कामाने प्रत्येक फ्लॅटचे वर्षाला अकराशे रुपये वाचतात." पर्यावरण नंतर बोला, मनापासून बोला, पण नंतर.

प्रश्न : मी पंचवटीत राहतो, एमएचं अर्थशास्त्र करतोय. घराचं समजलं, पण महापालिकेला पाणी वाचवून काय मिळतं? धरणातून पाणी येतंच आहे, गळती झाली तर झाली, खर्च तर आधीच झालेला असतो ना?

मित्रा, प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे आणि "खर्च आधीच झालेला असतो" हे तुझं वाक्यच मुळात तपासायला पाहिजे.

गंगापूर धरणातून पाणी निघालं की ते पंपाने उचलायचं, शुद्धीकरण केंद्रात तुरटी, क्लोरीन, फिल्टर, मग परत पंपाने जलकुंभात चढवायचं, तिथून लाईनला सोडायचं. प्रत्येक टप्प्यावर त्या लिटरला पैसे चिकटत जातात. म्हणजे तुझ्या गल्लीतल्या व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये जे गळतं ते धरणातलं कच्चं पाणी नसतं, ते सगळा खर्च अंगावर घेतलेलं सगळ्यात महाग पाणी असतं. आणि हा खर्च रोज नव्याने होतो, आज गळलं ते उद्या परत उचलायचं.

आता मोठा भाग. समज एक शहर आहे, रोज १०० दशलक्ष लिटर पाणी सोडतं आणि त्यातलं ४० चं बिलच होत नाही, काही गळतं, काही चोरीला जातं, काही बंद मीटरमागे लपतं. केंद्र सरकारने २००८ मध्ये शहरांसाठी जे निकष घातले त्यात हे बिनहिशोबी पाणी २० टक्क्यांपर्यंत आणायचं म्हटलंय. ४० वरून २० वर आलं की शहराला २० दशलक्ष लिटर परत मिळालं, गळतीतलं पाणी म्हणून आणि चोरी-मीटरमधलं बिल म्हणून. नवीन धरण नको, नवीन पाईपलाईन नको, भूसंपादन नको. नवी योजना दहा वर्षं पुढे ढकलता आली तर त्या कर्जाचं दहा वर्षांचं व्याज वाचतं, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा आकडा काढायलाच पाहिजे, कारण बचतीचा खरा पैसा तिथे आहे, वीजबिलात त्याचा छोटा तुकडाच दिसतो.

आणि आपल्याकडे "पाणी येतंच आहे" असं म्हणायची सोय तरी कुठे आहे? १५ ऑक्टोबरला खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात साठा ठरलेल्या टक्क्यांच्या खाली असला की समन्यायी वाटपात (वरच्या-खालच्यांना न्यायाने पाणी वाटायच्या नियमात) आपल्या वरच्या धरणांतून पाणी सोडायचा विषय निघतो, मोर्चे निघतात, कोर्टबाजी होते. खालच्या लोकांची तहान खरी आहे, तीही गोदावरीचीच लेकरं आहेत. मग वरच्या अंगाला बसून आपण जे शुद्ध केलेलं पाणी गळू देतो त्याची किंमत नुसती रुपयांत कशी धरायची, असं मला नेहमी वाटतं.

कराडजवळचं मलकापूर बघ. छोटं गाव, पण मीटर बसवले, टप्प्याटप्प्याने वाढणारा दर लावला आणि २४ तास पाणी दिलं. लोकांना वाटतं २४ तास दिलं की नासाडी वाढेल. पण तू आपल्या घरचंच आठव, सकाळी नळ आला की आई कालचं "शिळं" पाणी ओतून ताजं भरते. नळ कधीही येणार हे पक्कं असलं की साठवणं आणि ओतणं दोन्ही थांबतं.

इंदूरचं उदाहरण तर पैशाच्या भाषेतच आहे. त्यांचं पाणी नर्मदेवरच्या जलूदहून येतं, सुमारे ७० किलोमीटर लांबून आणि मोठ्या चढावाने, त्यामुळे पंपांचं वीजबिल प्रचंड. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांच्या महापालिकेने २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून घेतलेलं कर्ज) काढले, जलूदला ६० मेगावॅटचं सोलर उभारायला. साध्या गुंतवणूकदारांनाही ते घेता येत होते आणि मागितल्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे लोकांनी देऊ केले. का? कारण परतफेड कशातून होणार ते दिसत होतं, कमी होणाऱ्या बिलातून.

सांडपाणी पण बघ. नागपूरच्या भांडेवाडीला शुद्ध केलेलं १३० दशलक्ष लिटर सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्रासाठी ठरलं, म्हणजे तेवढं ताजं पाणी शहराला मोकळं झालं आणि पालिकेला सांडपाण्याचे पैसे आले. केंद्राच्या २०१६ च्या वीजदर धोरणात तर लिहिलंय की औष्णिक केंद्राच्या ५० किलोमीटरच्या आत पालिकेचं सांडपाणी केंद्र असेल तर त्यांनी ते पाणी वापरायचं. आपल्या आगरटाकळी, तपोवनच्या सांडपाणी केंद्रांपासून एकलहऱ्याचं वीज केंद्र किती लांब आहे ते तूच मॅपवर मोज, आणि प्रबंधाला विषय हवा असेल तर हाच घे, मी सांगतो.

मग हे सगळीकडे होत का नाही? माझ्या अनुभवात एक कारण सगळ्यात जड आहे, खर्च करणारा आणि बचत मिळणारा वेगळा असतो. पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरने पंप बदलून वीज वाचवली तर ती रक्कम सगळ्या बजेटात विरघळते, त्याच्या विभागाला पुढच्या वर्षी दुरुस्तीला एक पैसा जास्त मिळत नाही. दुसरं म्हणजे सगळ्यात कमी दराचं टेंडर. १० एचपीची मोटर अखंड चालली तर महिन्याला ६ हजार युनिट खाते, युनिटला ८ रुपये धर, ४८ हजार झाले, म्हणजे स्वतःची किंमत ती एका महिन्यात विजेत खाऊन टाकते! आणि आपण ती निवडतो कशावरून, तर खरेदीला पाच हजार स्वस्त म्हणून. टेंडरमध्ये खरेदी अधिक दहा वर्षांची वीज असा एकच आकडा मागवला पाहिजे. आता सिंहस्थाची कामं चालू आहेत, पंप, दिवे, पाईप सगळं घेतलं जाणार, मेळा संपला तरी त्यांची बिलं आपण पुढची वीस वर्षं भरणार, त्यामुळे हे आत्ताच विचारायला हवं.

प्रश्न : अंबडला माझं छोटं वर्कशॉप आहे, १५ एचपीचा कॉम्प्रेसर आहे, एक शिफ्ट. ऑडिटवाल्याने सांगितलं हवेची गळती थांबवा. हवा तर फुकट आहे, एवढं काय?

शेठ, बाहेरची हवा फुकट आहे, कॉम्प्रेसरमधून निघालेली हवा ही शॉपमधली सगळ्यात महाग वीज आहे. ७ बारच्या लाईनला ३ मिलिमीटरचं भोक असेल तर साधारण ३ किलोवॅट त्यातून जातात. दिवसाला १० तास, वर्षाला ३०० दिवस, ९ हजार युनिट. ९ रुपये युनिट धरा, ८१ हजार झाले. एका भोकाचे!

एका रविवारी सगळ्या मशीन बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवा आणि मोबाईलवर वेळ लावा. कोणी हवा वापरत नाही तरी तो मधूनमधून लोड होईल, म्हणजे हवा भरायला लागेल, ती सगळी गळतीच. दोन मिनिटं लोड आणि सहा मिनिटं अनलोड असं चाललं तर आठातले दोन, म्हणजे चौथा हिस्सा हवा रोज फुस्स जातेय. मग साबणाचं पाणी आणि ब्रश घ्या, कपलर, क्लॅम्प, पीयू ट्यूबचे जोड, ड्रेन व्हॉल्व्ह एकेक बघत जा. दोन-तीन हजाराचा माल लागेल. काम चालत असेल तर प्रेशर पण ७ वरून ६ वर आणा, त्यानेच सहा-सात टक्के वीज कमी होते.

आणि हे ८१ हजार म्हणजे नफा आहे. तुमचं मार्जिन ८ टक्के असेल तर एवढा नफा कमवायला १० लाखाची जादा ऑर्डर आणावी लागली असती, पेमेंटच्या मागे नव्वद दिवस फिरावं लागलं असतं.

प्रश्न : माझं मिसळीचं छोटं हॉटेल आहे. रोज ४० किलो ओला कचरा निघतो. बायोगॅस बसवला तर सिलेंडरचा खर्च निघेल का?

ताई, खरं सांगतो, तुमच्यासाठी मी बायोगॅसला घाई करणार नाही. ४० किलोतून साधारण ४ घनमीटर गॅस, म्हणजे पावणेदोन किलो एलपीजी. महिन्याला पावणेतीन कमर्शियल सिलेंडर, समजा पाच हजार रुपये. पण दोन-अडीच लाखाचं यंत्र, जागा, रोज तासभर माणूस, आणि कामगार गावाला गेला की सगळं बंद. चार-पाच वर्षांत वसूल होईल कदाचित. शेजारची तीन-चार हॉटेलं एकत्र आली तर वेगळं गणित.

तुमचा मोठा पैसा दुसरीकडे आहे. एक आठवडा दोन डबे ठेवा, एकात भाजीची देठं, कांद्याची सालं, आणि दुसऱ्यात शिजवलेलं अन्न, म्हणजे ताटात उरलेलं आणि रात्री फेकलेलं. दुसरा डबा रोज तोला. त्यात ६ किलो जरी निघालं तरी मटकी, तेल, मसाला, गॅस, मजुरी धरून किलोला ८०-९० रुपये गेलेत, रोजचे पाचशे, महिन्याला १५ हजार, बायोगॅसच्या तिप्पट. मग दिसेल की पाव कितीचा उरतो, रस्सा दुपारी दोननंतर किती करायचा, सुरुवातीलाच वाटी छोटी देऊन मागेल त्याला परत वाढलं तर किती फरक पडतो.

कचरा मात्र वेगळाच द्या, घंटागाडीवाला काहीही म्हणो. आपल्या पालिकेचा जर्मनीच्या जीआयझी या सरकारी मदतसंस्थेच्या मदतीने उभा राहिलेला प्रकल्प हॉटेलचा ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांचा मैला एकत्र कुजवून वीज करण्यासाठीच आहे, आणि असल्या यंत्रात प्लॅस्टिकची पिशवी, चमचे, रबर गेलं की पंप चोक होतात. इंदूरला ५५० टनांचा बायो सीएनजी प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला तो चालू शकतो याचं पहिलं कारण तिथल्या घराघरातला वेगळा केलेला ओला कचरा आहे. तुमचे ४० किलो स्वच्छ मिळाले तर त्याला किंमत आहे, मिसळले तर ते उचलायचा नुसता खर्च.

प्रश्न : इंदिरानगरला भाड्याने राहतो. दोन पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणारे) घ्यायचा विचार आहे पण ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट. घरमालक म्हणतात बिल तू भरतोस, तू घे. बायको म्हणते वीज कमी लागते म्हणून आपण पंखा दिवसभर चालू ठेवू आणि बचत तिथेच संपेल.

वहिनींचा मुद्दा हलका नाही. जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १८६५ मध्येच दाखवलं होतं की वाफेची इंजिनं कमी कोळसा खायला लागली तसा देशाचा कोळशाचा एकूण वापर वाढतच गेला, कारण इंजिन परवडायला लागलं आणि जास्त ठिकाणी बसलं. शहराच्या पातळीवर हे खरंच होतं, म्हणून तर वापर वाढेल तसा चढणारा दर लागतो. पण पंख्याचं तसं नाही हो, उकडतं तेव्हा तुम्ही आत्ताही लावताच, ७५ वॅटऐवजी ३० वॅटला लावाल. रोज १४ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका पंख्याचे १८९ युनिट, ८ रुपयांनी दीड हजार रुपये. पंखा २,८०० चा असेल तर दोन वर्षांच्या आत वसूल.

मालक आणि भाडेकरूचं हे भांडण सगळ्या जगात आहे, खर्च त्याचा आणि फायदा याचा, म्हणून कोणीच काही करत नाही. तुमच्या बाबतीत उत्तर सोपं आहे. मालकांचे जुने दोन पंखे कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा, त्यांना फोटो पाठवून ठेवा, नवीन पंख्यांची बिलं स्वतःच्या नावाने घ्या, आणि घर सोडाल त्या दिवशी इलेक्ट्रिशियनला दोनशे रुपये देऊन जुने परत लावा आणि आपले पंखे टेम्पोत घाला.